रक्तातला कचरा गिळणाऱ्या यकृताच्या पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. यकृताचा भाग सुरू झाला की वर्ग एकदम जागा होतो, कारण हा अवयव प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी चर्चेला आलेला असतो. कोणाच्या भावाला कावीळ झालेली असते, कोणाच्या वडिलांच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघालेलं असतं. तास संपला तरी प्रश्न संपत नाहीत आणि पालकसभेत तेच प्रश्न पालक विचारतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पाठ्यपुस्तकात ज्या पेशींना जेमतेम एक ओळ मिळते, त्यांच्याबद्दल मुद्दाम जास्त लिहिलं आहे.

यकृत म्हणजे शरीराची गाळणी, असं शाळेत शिकलो. ते बरोबर आहे ना?

अर्धंच. चहाची गाळणी डोळ्यांसमोर आणा. चहा खाली जातो, चोथा वर राहतो आणि गाळणी झटकली नाही तर दुसऱ्या कपाला ती तुंबते. यकृत तसं असतं तर चाळिशीच्या आतच चोथ्याने भरून गेलं असतं.

यकृतातल्या काही पेशी रक्तातून वाहत आलेले टाकाऊ रेणू पकडतात, गिळतात आणि पोटात घालून पचवतात. पचनातून निघालेलं बरंचसं पुन्हा शरीराच्या कामी येतं. जे खरंच नको असतं, ते पित्तावाटे आतड्यात किंवा रक्तावाटे मूत्रपिंडाकडे जातं. या पानावरची बाकीची बरीच उत्तरं या एका फरकावर उभी आहेत, म्हणून तो आधी सांगितला.

हे काम यकृतात नेमकं कुठे चालतं?

मटणाच्या दुकानात कलेजी कापताना कधी नीट बघितलंत का? मांसाच्या तुकड्यात रक्त एखाद्या नसेच्या तोंडाशी दिसतं. कलेजीवरून सुरी फिरली की कापलेल्या सगळ्या पृष्ठभागातून ते पाझरतं, ओल्या स्पंजासारखं. कारण यकृत आतून अतिशय बारीक रक्तमार्गांनी विणलेलं आहे. जुन्या वाड्यांच्या रांगांमधून बोळ जावेत, तसे यकृतपेशींच्या रांगांमधून हे मार्ग जातात. त्यांना सायनुसॉइड म्हणतात.

माणसाच्या यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं. शरीरात रक्त असतं साधारण पाच लिटर. म्हणजे तीन-चार मिनिटांत सगळ्या रक्ताएवढा प्रवाह या बोळांतून पार होतो. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग आतड्याकडून आणि प्लीहेकडून पोर्टल व्हेनमधून येतो. जेवणातलं अन्न, आतड्यातल्या जंतूंचे तुकडे, प्लीहेत मोडलेल्या रक्तपेशींचे अवशेष, सगळं आधी इथे. बोळात पोचलं की रक्ताचा वेग मंदावतो, आणि पेशींना कचरा उचलायला तेवढी उसंत मिळते.

मग कचरा उचलणाऱ्या पेशी कोणत्या?

मुख्यतः दोन, आणि त्यांची कायम गल्लत होते.

पहिल्या कुप्फर पेशी. या मॅक्रोफेज जातीच्या, म्हणजे भक्षकपेशी. बोळाच्या आत, वाहत्या रक्तात हातपाय पसरून बसलेल्या असतात. शरीरातल्या ऊतींमध्ये मुक्काम ठोकून राहणाऱ्या मॅक्रोफेजपैकी ८० ते ९० टक्के एकट्या यकृतात असतात. मोठा घास हे यांचं काम: जिवाणू, म्हाताऱ्या रक्तपेशी, गुठळ्यांचे तुकडे.

दुसऱ्या सायनुसॉइडच्या अस्तरपेशी, म्हणजे बोळाच्या भिंतीच. शरीरातल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं आणि बहुतेक ठिकाणी त्या अस्तराचं काम वाहिनीची भिंत म्हणून उभं राहणं एवढंच, असं आपण मुलांना शिकवतो. यकृतातली ही भिंत मात्र खाते, आणि अफाट वेगाने खाते. रक्तात विरघळलेले मोठे रेणू आणि साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा लहान कण हा तिचा वाटा. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर.) पेशींच्या संख्येत या अस्तरपेशी यकृताच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरतात, पण इतक्या पातळ असतात की यकृताच्या एकूण आकारमानातला त्यांचा वाटा जेमतेम तीन टक्के. माझ्या मते शरीरातल्या सर्वांत दुर्लक्षित पेशी याच.

तिसरी मंडळी म्हणजे बोळांच्या दोन्ही बाजूंच्या रांगांतल्या यकृतपेशी, हिपॅटोसाइट. पित्त करणं, अमोनियाचा युरिया करणं, औषधांची मोडतोड करणं ही रासायनिक कामं त्यांची. 'लिव्हर' म्हटलं की सगळ्यांच्या मनात याच असतात.

रक्तातला कचरा म्हणजे काय? खाण्यातले विषारी पदार्थ का?

बहुतांशी नाही. रोजचा सर्वांत मोठा कचरा आपल्याच शरीराच्या डागडुजीतून निघतो.

हायलुरोनन घ्या. गुडघ्याच्या वंगणात ते असतं, त्वचेत असतं. चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या बाटलीवर 'हायलुरॉनिक अॅसिड' लिहिलेलं असतं ते हेच. माणसाच्या शरीरात ते साधारण १५ ग्रॅम असतं आणि त्यातलं जवळपास एक तृतीयांश रोज मोडून नवं बनतं. मोडलेल्यातलं पुष्कळसं वाटेतल्या लसिकाग्रंथींतच संपतं. जे रक्तात पोचतं ते टिकतं किती, तर अर्धं प्रमाण व्हायला दोन ते सहा मिनिटं! उचलणारी कोण, तर यकृताची अस्तरपेशी.

याच वर्गात कोलॅजनचे तुकडे येतात. हाडं, कातडी, स्नायुबंध सतत नव्याने बांधले जातात, त्याचा हा राडारोडा. साखर चिकटून खराब झालेली प्रथिनं, ऑक्सिडीकरण झालेला एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा कण), मेलेल्या पेशींतून रक्तात सांडलेली एन्झाइम, प्रतिपिंड (अँटिबॉडी) आणि ते ज्याला धरतात ते प्रतिजन यांची चिकटलेली जोडपी, आतड्यातून निसटलेले जिवाणूंचे अंश, हेही सगळं त्यातच. घर बांधायला काढलं की विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या पडणारच. शरीराचं बांधकाम तर आयुष्यभर थांबत नाही.

टाकाऊ रेणू कोणता आणि कामाचा कोणता, हे पेशीला कसं कळतं?

पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात. विशिष्ट आकाराची वस्तूच त्यांच्यात बसते. अस्तरपेशींवर यातले चार महत्त्वाचे. स्टॅबिलिन-१ आणि स्टॅबिलिन-२ हे दोन, त्यातला दुसरा हायलुरोनन पकडण्यात वाकबगार. तिसरा मॅनोज रिसेप्टर. तो ठरावीक साखरा टोकाला असलेली प्रथिनं आणि मोडलेलं कोलॅजन धरतो. चौथा प्रतिपिंडांच्या शेपटीला पकडणारा.

ओळखीची खूण कशी असते, याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण हिपॅटोसाइटचं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत गिल्बर्ट अॅशवेल आणि अनातोल मोरेल हे सेरुलोप्लाझ्मिन या तांबं वाहणाऱ्या प्रथिनावर काम करत होते. रक्तातल्या बहुतेक प्रथिनांवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल. या दोघांनी ते टोक काढून टाकलं आणि प्रथिन सशाच्या रक्तात सोडलं. एरवी दिवसच्या दिवस टिकणारं प्रथिन काही मिनिटांत गायब झालं आणि सापडलं यकृतात. टोक गळलं की आतली गॅलॅक्टोज साखर उघडी पडते आणि हिपॅटोसाइटवरचा रिसेप्टर तिलाच धरतो. म्हाताऱ्या होणाऱ्या प्लेटलेटही सियालिक आम्ल गमावतात आणि त्याच वाटेने जातात. आंब्याचा देठ बघून तो कधी उतरवलाय ते सांगणारी माणसं असतात ना, तशीच ही पारख.

पकडल्यानंतर पुढे काय होतं?

रिसेप्टरला रेणू चिकटला की पेशीचा तेवढा पापुद्रा आत खचतो, त्याची पिशवी होते आणि ती आत सुटते. अस्तरपेशींत हे काही सेकंदांत उरकतं. रिसेप्टर आपला माल आत सोडतो आणि पुढच्या खेपेसाठी पुन्हा पृष्ठभागावर येतो. माल जातो लायसोसोममध्ये. ही आम्लाने आणि पाचक एन्झाइमांनी भरलेली पिशवी. तिथे साखळ्या तुटतात, तुकडे होतात. हायलुरोनन मोडून शेवटी निघणारे अॅसिटेटसारखे छोटे रेणू शेजारच्या यकृतपेशी इंधन म्हणून वापरू शकतात.

यातली एक गोष्ट कळली तेव्हा मी वही बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. पचनासाठी लागणारी एन्झाइम या पेशी स्वतः बनवतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. इतर पेशींतून रक्तात सांडलेली लायसोसोमची एन्झाइम मॅनोज रिसेप्टरने उचलतात आणि स्वतःच्या लायसोसोममध्ये कामाला लावतात. कचऱ्यात आलेल्या सुरीनेच कचरा कापायचा.

या भिंतीला खिडक्या असतात असं वाचलं. मग रक्त बाहेर सांडत नाही?

अस्तरपेशींना आरपार भोकं असतात, बहुतेक ५० ते १५० नॅनोमीटर व्यासाची, आणि ती चाळणीसारखी गटागटाने असतात. तांबडी रक्तपेशी सात हजार नॅनोमीटरच्या पुढची, ती कशी जाणार? रक्तद्रव आणि त्यातले लहान कण मात्र आरामात पलीकडे जाऊन हिपॅटोसाइटला भिडतात. एरवी रक्तवाहिनीच्या अस्तरामागे आधाराचा एक घट्ट पडदा असतो. इथे तो सलग पडदाही नाही.

या खिडक्या खात्रीने दाखवल्या एडी विसे यांनी, १९७० मध्ये, उंदराच्या यकृतात. त्यांनी यकृत टिकवण्याचं रसायन रक्तवाहिनीतूनच आत सोडलं, त्यामुळे नाजूक भोकं न फाटता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली.

कुप्फर पेशींना हे नाव कसं पडलं?

ही कथा लांब आहे, पण ऐकाच, कारण ती चुकांमधून पुढे गेली आहे.

कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर या शरीररचनातज्ज्ञाने १८७६ साली एका पत्रात यकृतातल्या चांदणीच्या आकाराच्या पेशींचं वर्णन केलं. त्या त्याला सोन्याच्या क्षाराने रंगवल्यावर दिसल्या होत्या. पुढे संशोधक प्राण्यांच्या रक्तात काळ्या शाईचे कण सोडून बघू लागले, तेव्हा यकृतात कण गिळून बसलेल्या पेशी आढळल्या. कुप्फरला १८९८ मध्ये वाटलं, आपल्या चांदण्या त्या याच. त्याच सुमारास क्राकोमध्ये तादेउश ब्रोविच या पेशींच्या भक्षक स्वभावाबद्दल लिहीत होता. नाव रुळलं कुप्फरचं.

तब्बल त्र्याहत्तर वर्षांनी, १९७१ मध्ये, जपानच्या केन्जिरो वाके यांनी सोन्याच्या रंगाची ती जुनी पद्धत पुन्हा करून पाहिली. सोन्याने रंगल्या त्या भक्षक पेशी नव्हत्याच. त्या होत्या अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या, बोळाच्या भिंतीमागे राहणाऱ्या वेगळ्याच पेशी, ज्यांना आज स्टेलेट पेशी म्हणतात. म्हणजे कुप्फरने शोधली एक पेशी आणि त्याचं नाव लागलं दुसरीला.

तिसरी गल्लत अस्तरपेशींच्या वाट्याला आली. फ्रायबुर्गच्या लुडविग आशोफने १९२४ मध्ये रक्तातले रंगकण उचलणाऱ्या सगळ्या पेशींची मिळून 'रेटिक्युलो-एंडोथेलियल यंत्रणा' मांडली. नावातलं 'एंडोथेलियल' म्हणजे अस्तर, आणि त्याच्या निरीक्षणांत यकृताच्या अस्तरपेशी खरोखर होत्या. पुढे मॅक्रोफेजचं महत्त्व इतकं वाढलं की पाठ्यपुस्तकांत सगळं श्रेय कुप्फर पेशींना गेलं. अस्तरपेशींना त्यांचा वाटा परत मिळवून देण्यात नॉर्वेतल्या ट्रोम्सो विद्यापीठातले बोर्ड स्मेडस्रोड आणि त्यांचे सहकारी यांची कित्येक वर्षं गेली.

आमच्या प्रयोगशाळेत शाई दिलेल्या उंदराच्या यकृताची एक जुनी स्लाइड आहे. चाळीसच्या भिंगाखाली गुलाबी यकृतपेशींच्या रांगा दिसतात, मधून फिकट बोळ, आणि बोळांच्या कडेला काजळाचं बोट टेकवावं तसे काळे ठिपके. मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, कुप्फर!" मी त्यांना विचारते, दोन ठिपक्यांच्या मधली भिंत दिसते का? ती जेमतेम रेघेसारखी दिसते, एखादा चपटा केंद्रक सोडला तर काहीच नाही. मग मी सांगते की त्या रेघेकडे बघा.

बिलिरुबिन आणि कावीळ यांचा या पेशींशी काय संबंध?

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. शरीरात दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी संपतात आणि त्यांना प्लीहेतले आणि यकृतातले मॅक्रोफेज गिळतात. हिमोग्लोबिन मोडतं. त्यातलं लोह, दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम, परत मिळतं. जेवणातून आपण शोषतो ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम. म्हणजे रोजचं नवं रक्त बहुतेक जुन्याच लोहावर उभं राहतं.

लोह काढल्यावर उरलेल्या भागाचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. मुका मार लागल्यावर जखमेचा डाग निळा, हिरवा, पिवळा होत जातो, तो हाच प्रवास कातडीखाली दिसतो. दिवसाला २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या पाठीवर बसून हिपॅटोसाइटकडे जातं. तिथे त्याला साखरेचं आम्ल जोडलं की ते विरघळतं आणि पित्तात उतरतं. या वाटेवर कुठेही अडलं की डोळे पिवळे. पेशी जास्त मोडल्या, हिपॅटोसाइट आजारी पडल्या किंवा पित्तनलिकेत खडा अडकला, तिन्हींत कावीळच दिसते. म्हणून 'कावीळ झाली' हे निदान नव्हे, ते लक्षण आहे. कारण शोधावंच लागतं.

मग माळ घालून किंवा हातावरून पाणी सोडून कावीळ उतरते ती कशी?

हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही, कारण माझ्या मामाला लहानपणी अशी माळ घातली होती आणि आजीचा त्यावर पूर्ण विश्वास होता. वनस्पतीच्या काड्यांची डोक्यावर ठेवलेली ती माळ वाढत वाढत गळ्यात आणि मग छातीवर उतरली होती. काड्या सुकतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, ते हाताला आधी चोळलेल्या वनस्पतीच्या रसामुळे. बिलिरुबिन कातडीतून असं धुऊन निघत नाही.

मामा बरा झाला, हे खरं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळेच्या वेळी यकृत स्वतःच सावरत असतं. धोका त्या उरलेल्यांचा, ज्यांची कावीळ वेगळी असते. रुग्ण बरळतोय, दिवसा गाढ झोपतोय, रक्त येतंय, उलट्या थांबत नाहीत, असं दिसलं तर एक तासही घालवू नका. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हिपॅटायटिस ई जीवघेणा ठरू शकतो. तिला आधी हॉस्पिटलमध्ये न्या, माळेचं नंतर बघू.

दारू, औषधं, अमोनिया हेही या पेशीच गिळतात का?

नाही. हे छोटे रेणू, त्यांची व्यवस्था हिपॅटोसाइट एन्झाइमांनी करतात. अमोनियाचा युरिया कसा होतो ते चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडलं. दारूची झळ मात्र अस्तरपेशींनाही लागते: वर्षानुवर्षं पीत राहिलं की खिडक्या बुजत जातात.

अस्तरपेशी बिघडल्या तर काय होतं?

सिरोसिसच्या, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होत जाण्याच्या, वाटेवर खिडक्या नाहीशा होतात आणि मागे पडदा तयार होतो. बोळाची साधी केशवाहिनी होते. शाफ्नर आणि पॉपर यांनी हे १९६३ मध्ये माणसाच्या यकृतात दाखवलं. मग हिपॅटोसाइट धडधाकट असली तरी रक्तातला माल तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. वयानुसारही खिडक्या कमी होतात, उंदरांत आणि माणसांतही. जेवणानंतर रक्तात फिरणारे चरबीचे उरलेले कण या खिडक्यांतून जाऊन साफ होतात, त्यामुळे म्हातारपणी रक्तातली चरबी हटायला उशीर लागण्याचं हे एक कारण मानलं जातं.

उंदरांवरचा २०११ चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. दोन्ही स्टॅबिलिन नसलेले उंदीर तयार केले. त्यांचं यकृत बऱ्यापैकी ठीक राहिलं, पण मूत्रपिंडाच्या गाळण्यांवर व्रण उठले! न उचललेला कचरा रक्तात फिरत राहिला आणि इजा झाली दूरच्या अवयवाला.

आणि एक उदाहरण आपल्या शेजारचं. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा जिल्ह्यात गावकऱ्यांची पोटं पाण्याने फुगू लागली. गोंदली नावाच्या बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या जातीच्या एका रानटी झाडाच्या बिया मिसळल्या होत्या. त्यांतल्या पायरोलिझिडीन अल्कलॉइड या विषाचा पहिला बळी सायनुसॉइडच्या अस्तरपेशी असतात. त्या सुटून येतात, बोळ आणि बारीक शिरा तुंबतात, यकृत सुजतं, पोटात पाणी भरतं. धान्य पाखडणाऱ्या बायकांना आपण किती मोठं काम करतो याची कल्पना नसते.

रक्ततपासणीत या पेशींची तब्येत कळते का?

यकृताच्या नेहमीच्या तपासणीत, म्हणजे एलएफटीत, फारशी नाही. त्यातलं एसजीपीटी हे एन्झाइम वाढतं ते हिपॅटोसाइट फुटल्यामुळे. अस्तरपेशींचा अंदाज रक्तातल्या हायलुरोननवरून येतो: उचलणारे हात कमी पडले आणि यकृतातला व्रण वाढला की ते रक्तात साचतं. यकृताचा व्रण मोजणाऱ्या काही खास चाचण्यांत ते मोजतात. ती चाचणी हवी की नको हे डॉक्टरांवर सोडा. हौसेने करून घ्यायची ही गोष्ट नाही.

यकृत 'डिटॉक्स' करणारे काढे, ज्यूस, गोळ्या घ्याव्यात का?

पहिल्या उत्तरातला चोथा आठवा. धुऊन काढायला यकृतात काही साचलेलंच नसतं. या पेशी चोवीस तास पचवत असतात आणि कोणताही ज्यूस त्यांचं काम हातात घेऊ शकत नाही. उलट नवं काहीतरी पोटात घातलं की ते मोडायचं काम यकृतावरच पडतं. 'वनस्पतीचं आहे, अपाय नाही' असं म्हणणाऱ्यांना मी सरगुजाची गोष्ट सांगते. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद चालू राहो, पण डोळे पिवळे झाल्यावर आपण काय काय घेत होतो ते डॉक्टरांपासून लपवू नका. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी लपवलं, आणि कारण सापडायला तीन आठवडे गेले.

यकृतासाठी खरोखर करण्याजोगं थोडंच आहे: दारू बंद, वजन आणि साखर आटोक्यात, हिपॅटायटिस बी ची लस, पाणी उकळून. कंटाळवाणं वाटतं, पण हेच लागू पडतं.

जंतू या पेशींना फसवतात का?

फसवतात. काळा आजाराचा लिश्मानिया परजीवी मॅक्रोफेजमध्येच घर करतो, कुप्फर पेशीतही. जी पेशी पचवून टाकणार तिच्याच पोटात तो वाढतो. डासाने सोडलेले मलेरियाचे परजीवीही याच बोळांतून शिरून हिपॅटोसाइट गाठतात.

पण हाच स्वभाव औषधाच्या कामी आला. अॅम्फोटेरिसिन-बी हे कडक औषध चरबीच्या सूक्ष्म पुडीत बांधून शिरेतून दिलं, की मॅक्रोफेज ती पुडी कचरा समजून गिळतात आणि औषध थेट परजीवीच्या घरात पोचतं. बिहारमध्ये काळा आजाराचे रुग्ण या औषधाच्या एका डोसवर बरे होऊ लागले, त्यामागे हे आहे.

नव्या औषधांच्या बाबतीतही यकृताचं नाव ऐकू येतं. ते का?

शिरेतून सोडलेले बहुतेक सूक्ष्म कण शेवटी यकृतात अडकतात. कॅन्सरच्या गाठीकडे औषध पाठवणाऱ्यांची ही मोठी डोकेदुखी आहे. त्यांचा माल वाटेतच उचलला जातो. ज्यांना यकृतातच जायचं आहे त्यांनी मात्र अॅशवेल आणि मोरेल यांच्या रिसेप्टरचा उपयोग करून घेतला. कोलेस्टेरॉल कमी करणारं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन बघा. त्याच्या टोकाला गॅलॅक्टोजच्या जातीची साखर बांधलेली असते, त्यामुळे हिपॅटोसाइट ते ओढून घेते. सुरुवातीच्या डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदा पुरतं. सशाच्या रक्तातून गायब झालेल्या प्रथिनाचा माग काढला नसता तर हे सुचलं नसतं.

सगळ्या प्राण्यांत हे काम यकृतच करतं का?

बेडूक, पाल, कोंबडी, बकरी, माणूस, यांच्यात यकृतच. माशांत मात्र मजा आहे. शार्क आणि पाकट यांच्यात हे अस्तर कल्ल्यांत असतं. हाडांच्या माशांत काहींच्या मूत्रपिंडात, तर काहींच्या चक्क हृदयात. ट्रोम्सोच्या शास्त्रज्ञांना समोरच्या समुद्रातला कॉड हाताशी होता. त्याच्या रक्तात टाकाऊ रेणू सोडले, तर ते यकृतात गेले नाहीत. हृदयाच्या कप्प्यांच्या आतल्या अस्तराने ते उचलले. मोठे कण गिळणारे मॅक्रोफेज मात्र मूत्रपिंडात आणि प्लीहेत बसलेले. माणसाच्या यकृतात या दोन पेशी एकमेकींना खेटून असतात, म्हणून इतकी वर्षं एकीचं काम दुसरीच्या नावावर जमा होत राहिलं. कॉडमध्ये एक हृदयात आणि दुसरी मूत्रपिंडात. तिथे गल्लत करायला जागाच उरली नाही.